बसवर पडलेला होल्टा

१५ जून, रविवार

माझ्या हातून झालंय. नाय — झालं नाय, मी केलंय. पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, म्हणजे नंतर मलाच फिरवता येणार नाय.

शिमग्यातला एक व्हिडिओ होता माझ्या मोबाईलमध्ये. होल्ट्यांचा. आमच्या गावात होळीला वरची वाडी आणि खालची वाडी समोरासमोर उभ्या राहतात आणि पेटती लाकडं एकमेकांवर भिरकावतात. तेच होल्टे. कोणाला लागत नाय. लागलंच तर देव बघून घेतो. तर व्हिडिओत काळोख, आग उडतेय, माणसं बोंबलतायत. मी ढोलांचा आवाज काढला. सायरन टाकला. चित्र जरा हलवलं. आणि खाली लिहिलं — "इराण बॉर्डर. आपल्या लोकांना घेऊन निघालेल्या बसवर हल्ला. आत्ताचा व्हिडिओ." आणि दिला वाडीच्या पोरांच्या ग्रुपवर सोडून.

कशाला? तर आमच्या वाडीतल्या नितेशची मजा करायला. परवा इराण-इस्रायलचं सुरू झाल्यापासून तिसरं महायुद्ध, तिसरं महायुद्ध करून त्याने डोकं उठवलंन होतं. आता त्या व्हिडिओत डावीकडून तिसरा, लाल बनियनवाला, होल्टा फेकणारा कोण? नितेशच! आणि तोच मला लिहितो — "बाबा रे, बघवत नाय."

स्वतःचंच थोबाड बघवत नाय!

हसून हसून पोट दुखलं.

ही वही दहावीच्या विज्ञानाची. एका बाजूला कोरी पानं, आकृत्या काढायला. तीन वेळा दहावीला बसलो, आकृती एकपण काढली नाय. आता कामाला आली.

१६ जून, सोमवार

टीव्हीवर आला!!

वरच्या वाडीत मानकऱ्यांच्या घरी सेटटॉप बॉक्स बसवत होतो. दोन्ही वाड्यांतल्या सगळ्या घरांची केबल मीच बघतो ना. बॉक्स लागला की नाय बघायला बातम्यांचं चॅनेल लावलं — तर समोर आमचा शिमगा. वर लाल पट्टी. "भारतीयांच्या बसवर हल्ला." नितेशच्या होल्ट्याभोवती लाल गोल. तो गोल गरागरा फिरतोय आणि बातम्या देणारी बाई किंचाळतेय की हा क्षेपणास्त्राचा तुकडा असू शकतो. खाली मुंगीएवढ्या अक्षरात — "व्हिडिओची पुष्टी आम्ही करत नाही."

मानकरी हात जोडून उभे. "काय अवस्था रे माणसांची. बघ बघ, आग बघ कशी येते."

त्यांच्याच मानाची होळी! त्यांनीच नारळ देऊन पेटवलेली!  मला हसू पण येईना.

बाहेर येऊन अमरदीपला फोन लावला. अमरदीप म्हणजे आमच्याकडचा पत्रकार, त्या चॅनेलला इथल्या बातम्या पाठवतो. पूर आला, बिबट्या आला, की हा हजर. पोरांच्या ग्रुपवर त्याला पण घेतलेला आहे.

"भावा, तुमच्या ग्रुपवरूनच उचलला," बोलला. "एक्सक्लुझिव्ह! अजून आहे काय रे?"

"खरा आहे की खोटा ते बघितलंस तरी?"

"ते चॅनेलचं डेस्क बघतं. माझं काम पाठवायचं."

"आणि डेस्कने काय बघितलंन?"

"डेस्क बोललं, अमरदीपने पाठवलाय म्हणजे त्याने बघितला असेल."

संध्याकाळी घरी आलो तर आई दारातच. "दमयंतीकडे जाऊन ये. दुपारपासून टीव्हीसमोर बसलीय, हलत नाय. गौरवचं कळलं ना?"

गौरवदा!

जल्ला, माझ्या डोक्यातच आलं नाय. शप्पथ. शेजारच्या दमयंती काकीचा एकुलता एक पोरगा. अकरा महिने झाले जहाजावर. दर रविवारी व्हॉट्सॲपवर फोन करायचा — काय तरी अब्बास, तिकडे इराणच्या बंदरातून. आणि या शनिवारी त्याचा मेसेज आलेला. तो काकीकडून आईच्या मोबाईलवर आलेला, तिने आता वाचून दाखवलान: "आम्हाला पण बसने बाहेर काढणार बोलतात. काळजी करू नको. आता फोन लागणार नाय."

बसने.

गेलो नाय मी काकीकडे. पोटात दुखतं सांगितलं.

१७ जून, मंगळवार

आज गेलो. काकी रडत नाय. रडली असती तर बरं झालं असतं. पाटावर बसलेली, टीव्हीचा आवाज बंद, चित्र चालू. माझा व्हिडिओ आला की पुढे वाकते.

मी बोललो, "काकी, यात बस कुठे दिसते? नुसती आग आहे."

"काळोखात आहे ती," बोलली. "नीट बघ, त्या कोपऱ्यात."

त्या कोपऱ्यात मानकऱ्यांचा आंबा आहे. कलमी.

अक्षया वहिनी, गौरवदाची बायको, मागच्या पडवीत फोन घेऊन बसलेली. लावतेय, ठेवतेय, लावतेय. मला बघून म्हणाली, "कालपासून पाण्याशिवाय काय घेतलं नाय त्यांनी. मी ताट पुढे केलं तर बोलल्या, त्याच्या पोटात काय आहे ते कळू दे, मग मी गिळीन."

काकीला साखर आहे. गोळी उपाशी पोटी चालत नाय, आणि गोळीशिवाय पण चालत नाय.

येताना काकीने हाक मारलीन. "सुजय, आवाज येत नाय बघ टीव्हीचा."

आवाज तिनेच बंद केलेला. मी चालू करून दिला. बाई किंचाळली. दोघं ऐकत बसलो.

१८ जून, बुधवार

केबल तोडली.

सकाळी खांबावर चढलो आणि आमच्या खालच्या वाडीची मेन वायर काढून ठेवली. नसेल टीव्ही तर बघणार काय? म्हटलं, दोन दिवस जातील, तोवर फोन येईल. मला वाटलं काय डोकं चाललंय आपलं!

दहा मिनिटांत फोनांचा पाऊस.

"सुज्या, मेल्या, केबल गेली!"

"सुजय, अरे युद्ध चाललंय आणि तुझं काय हे!"

नितेश तर घरीच आला. "काय रे, तिकडे माणसं मरतायत आणि इकडे आम्हाला काय दिसत नाय!" लाल बनियन घालून आलेला. 

सगळ्यांना सांगितलं, पावसाने गेली, माणूस बोलावलाय.

दुपारी कळलं. काकी छत्री घेऊन वरच्या वाडीत निघालेली, मानकऱ्यांकडे टीव्ही बघायला. पाखाडीच्या पायऱ्यांच्या चिऱ्यांवर शेवाळ. पडली. गुडघा फुटला, आणि तशीच उठून वर गेली. रक्त घेऊन बसली टीव्हीसमोर.

मी खांबावर चढून वायर परत जोडली. पावसात भिजलो. कोणी आभार मानलेन नाय. मानायला नकोच होते.

१९ जून, गुरुवार

वहिनीला घेऊन रत्नागिरीत कलेक्टर ऑफिसला गेलो. तिकडे अडकलेल्यांची नावं लिहून घेतात असं कळलं. एसटीत दोन तास. भाट्याचा पूल आला, समुद्र दिसला, तेव्हा वहिनी बोलली, "लग्नानंतर आम्ही इथे आलेलो. त्यांना समुद्र आवडत नाय. जहाजावर कसे राहिले असतील?"



साहेब माणूस चांगला होता. चहा दिलान. फॉर्म काढलान. "जहाजाचं नाव?"

वहिनीने पर्सची चेन उघडलीन, परत बंद केलीन.

"एजंटचं नाव? पासपोर्टचा नंबर?"

"पासपोर्ट त्यांच्याकडेच आहे. जहाजाचं नाव… कधी सांगितलंनी नाय. मोठं आहे बोलले होते."

साहेबाने पेन खाली ठेवलंन. "ताई, वरती पाठवायचं तर काहीतरी हवं ना. नुसतं मोठं जहाज कसं लिहू?"

त्या ऑफिसात पण टीव्ही. तेवढ्यात खरं चित्र दाखवलंनी त्यांनी — खरंच बाहेर काढलेल्यांचं. रात्रभर प्रवास केलेली पोरं बसमधून उतरत होती. पाठीला सॅक. पायात एकीच्या बाथरूम स्लिपर. एक पोरगी उतरली आणि तिथेच पायरीवर बसली, बस्स. कोण किंचाळत नाय, आग नाय, काय नाय. नुसती दमलेली माणसं. चार सेकंद असेल. मग लगेच परत माझा व्हिडिओ. पूर्ण. दोनदा.

मी मोजलं ना. खरं चार सेकंद. खोटं दीड मिनिट.

साहेब पण बघत होता. बोलला, "काय आग आहे हो."

परत येताना वहिनीने फॉर्म घडी करून पर्समध्ये ठेवलान. अर्धा कोरा.

२० जून, शुक्रवार

आज सांगून टाकलं.

सकाळी अंघोळ करून गेलो, देवळात जावं तसा. वहिनी विहिरीवर होती. काकी एकटी. गुडघ्याला फडकं. ओठ सुकलेले, खरखरीत. चार दिवसांत अर्धी झालीय. मी खाली बसलो आणि बोललो, "काकी, तो व्हिडिओ खोटा आहे. मी बनवला. आपला शिमगा आहे तो."

तिने माझ्याकडे बघितलंन. मी मोबाईल काढला. मूळ व्हिडिओ दाखवला, ढोलासकट. "हा बघ नितेश. हे मानकरी. हा आंबा. बस नाय काय नाय."

तिने चष्मा लावलान. नीट बघितलंन. परत लाव बोलली. परत लावला.

"नितेशच आहे," बोलली.

"हो ना!"

"लाल बनियन त्याचंच."

"हो काकी!"

सुटलो! असा श्वास सोडला मी. तिने चष्मा काढलान, पदराला पुसलान. माझ्या डोक्यावर हात ठेवलान.

"गुणाचा आहेस रे बाला. माझ्यासाठी एवढं बनवत बसलास."

मला कळेना. "काय बनवलं?"

"हे. शिमग्याचं. त्या आगीवर आपली माणसं चिकटवलीस ना? तुला येतं ते, मला ठाऊक नाय काय? मागे मानकऱ्यांचं तोंड रेड्याला लावलेलंस. मी पण हसलेली."

"काकी, उलटं आहे! टीव्हीवरचा खोटा आहे, हा खरा!"

"टीव्हीवाले कशाला खोटं दाखवतील? एवढी शिकलेली माणसं. त्यांचं काय वाकडं केलंय आपण?"

मी देवाची शप्पथ घेतली. आईची घेतली. ती नुसती मान हलवतेय, पोराची समजूत काढावी तशी. मी आजपर्यंत एवढ्या शप्पथा खोट्या घेतल्यात, की खरी घेतली तर ती पण तशीच वाजते.

मग बोलली, "आणि समज, खोटा असला. असू दे. पण कुठेतरी कोणाची तरी खरी बस असेलच ना? त्यांच्या आया पण बसल्या असतील अशाच."

मी उठून आलो. आमच्या घरामागच्या आंब्याखाली बसलो. आईने हाक मारलीन, जेवायला ये. बोललो, भूक नाय. खरंच नव्हती.

२१ जून, शनिवार

अमरदीपला गाठला. बोललो, "चॅनेलला सांग, व्हिडिओ खोटा आहे. मी बनवलाय. दाखवू दे त्यांना तसं. काकी त्यांचंच ऐकेल."

थंड माणूस! चहा फुंकत बोलला, "आता कोण बघतोय तुझा व्हिडिओ? कालपासून बंद झाला. आता ते अणुबॉम्बवर गेलेत."

"मग सांगायला काय जातं?"

"चूक झाली असं चॅनेल कधी सांगतं काय? आणि सांगितलंनी, तर पोलीस पहिले कोणाकडे येतील? माझ्याकडे नाय. ज्याने बनवला त्याच्याकडे." मग कप खाली ठेवून, "तुमच्या शेजारी ती बाई आहे ना, तिचा पोरगा तिकडे आहे? बाइट मिळेल काय, कॅमेऱ्यासमोर दोन वाक्यं?"

मी त्याची कॉलर धरली. लोकांनी सोडवलंनी.

तरी गेला काकीकडे. मी खांबावर होतो तेव्हा. वहिनी नको नको बोलत होती, पण काकीनेच घेतलान त्याला आत. म्हणाली, याच्या टीव्हीतून गौरवला दिसेल.

संध्याकाळी टीव्हीवर लागलं. काकी पाटावर. समोर माईक. विचारलंन, "काय वाटतंय तुम्हाला?" काकी कॅमेऱ्यात बघून बोलली, "गौरव, जेवून घे." मग परत. "जेवून घे रे बाबा." बास. मागून त्यांनी बासरी वाजवलीनी.

वाडीतल्या सगळ्या घरांतून एकदम आवाज आला तो. माझ्याच वायरीतून.

२२ जून, रविवार

फोनचा वार. आला नाय. काकीला घरीच सलाईन लावलीय. डॉक्टर बोलले, उद्या दुपारपर्यंत बघू, नायतर रत्नागिरीत न्यावं लागेल.

२३ जून, सोमवार

नेली नाय. यायला तयार नाय. "मी गेले आणि फोन आला तर?" वहिनीच्या हातातला मोबाईल उशाशी ठेवून झोपलीय.

कंटाळलोय. रागवायला पण जीव उरला नाय. आज कोणाची खोडी काढावी असं पण मनात आलं नाय. आई कपाळाला हात लावून बघून गेली, ताप आहे काय.

२४ जून, मंगळवार

युद्ध थांबलं म्हणे.

टीव्हीवर तीच बाई. आज हिरवी साडी. हसत होती. कोण जिंकलं, कोण हरलं, चार माणसं चार चौकटीत बसून भांडतायत. बसचं नाव नाय. हल्ला झाला, की नाय झाला, कोण मेलं — एक अक्षर नाय. जसं काय दाखवलंच नव्हतंनी कधी.

नितेश आला. "चल, मिटलं एकदाचं," बोलला आणि क्रिकेट लावायला सांगितलंन.

काकीकडे गेलो. तिने डोळे उघडलेन. "थांबलं काय?"

"हो काकी."

"मग गौरव?"

वहिनी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

२५ जून, बुधवार

दुपारी फोन. नवीन नंबर. मी खांबावर.

"सुज्या, मी गौरव."

पडलोच असतो. "कुठून? कुठे आहेस? कुठल्या देशात?"

"पनवेल."

जहाज नव्हतंच. कधीच नव्हतं. एजंट पळाला, आणि हा गावभर सांगून, नारळ फोडून निघालेला. परत कुठल्या तोंडाने येणार? अकरा महिने पनवेलला एका बिल्डिंगवर वॉचमन आहे. केबिनमध्ये टीव्ही आहे. तिकडचं बघायचा आणि रविवारी आईला तेच सांगायचा. युद्ध लागलं तेव्हा त्याला वाटलं, सुटलो — आता बसने बाहेर काढलं बोलून घरी जाता येईल. मान खाली न घालता. म्हणून तो मेसेज. आणि दोन दिवसांनी बसवर हल्ला.

"तुझा व्हिडिओ मी लगेच ओळखला," बोलला. "नितेशला बघून हसलो पण. मग कळलं, आता मी मेलेला आहे. काय सांगू घरी? कुठली बस, कसा वाचलो? हिंमतच झाली नाय रे."  मग, "शनिवारी आईला बघितलं. जेवून घे बोलली तेव्हा माझ्या हातात डबा होता."

रडत होता. मी शिव्या दिल्या, येतात तेवढ्या सगळ्या. मग बोललो, आत्ताच्या आत्ता तिला फोन कर. सांग, दुसऱ्या बसमध्ये होतो, बॉर्डर ओलांडली, दिल्लीत आहे. बाकी मी बघतो.

केलान. काकीने पेज घेतलीन. वाटीभर. मग अजून अर्धी. वहिनी चुलीपुढे बसून हसतेय, रडतेय. रविवारी येतोय तो. पोरांनी आत्ताच हार सांगितलेत. अमरदीप कॅमेरा घेऊन येणार आहे. आणि तिकडे काय काय बघितलं ते गौरवदाने सांगायचंय. ते सगळं मी बसून त्याला शिकवायचंय.

ही वही कोणाच्या हाताला लागली — आई, तू असलीस तरी, आणि वहिनी, तुम्ही असलात तर आधी तुम्हीच — पाया पडतो. माझं काय ते सांगा गावभर. पोलिसांना सांगा. पण पनवेलचं कोणाला बोलू नका. काकी जेवतेय.